समरकंदला निघताना : सामान कोणाचे, सहल कोणाची?

आपल्या घरांत परदेश म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो हज किंवा उमरा, आणि त्यानंतर आखातात नोकरीला गेलेला मुलगा. निव्वळ पाहण्या-फिरण्यासाठी सगळ्या कुटुंबाने परदेशी जाणे ही नगर जिल्ह्यातल्या मध्यमवर्गीय मुस्लिम घरांना अजून नवी गोष्ट आहे. तरी आता लग्नकार्यांत ताश्कंद, समरकंद, बुखारा ही नावे कानावर पडू लागली आहेत. कोणी जाऊन आलेले असते, कोणी चौकशी करत असते. आम्ही एका घरातले सात जण नुकतेच उझबेकिस्तानला जाऊन आलो : अम्मी, दोन जोडपी आणि दोन मुले. परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "तयारी काय केली? बरोबर काय नेले?" त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर उत्तर.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सहलीची तयारी म्हणजे बॅगा भरणे, अशी समजूत असते. आमच्या मते घरातल्या कोणाला सुट्टी मिळणार आणि कोणाला नाही, हे याच तयारीत ठरते. कागद वेळेवर नीट केले नाहीत तर घरातली म्हातारी बाई मागे राहते. सामानात कुकर आणि तांदूळ भरले तर स्वयंपाक करणारीची सहल हॉटेलच्या खोलीतच संपते. म्हणून आम्ही प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावला : यामुळे कोणाचे ओझे वाढेल?

आधी नियत, मग हिशेब

फिरायला जाणे दीनच्या दृष्टीने बरे की नाही, हा प्रश्न आमच्याही घरात निघाला. कुरआनात जमिनीवर फिरा आणि पाहा, अशी शिकवण एकापेक्षा अधिक ठिकाणी आली आहे. सूरह अन्कबूतच्या २० व्या आयतीत ती आहे. म्हणजे डोळे उघडे ठेवून केलेल्या सफरीत वावगे काही नाही. पण त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली गोष्ट हजची. ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे आणि अजून अदा झालेला नाही, त्याने सहलीसाठी साठवलेली रक्कम आधी तिकडे वळवावी. आमच्या अम्मींचा हज झाला आहे. बाकीच्यांकडे हजपुरती रक्कम नाही, ती जमेल तेव्हा पहिला मान तिचाच, असे आम्ही आपसांत ठरवून घेतले.

दुसरी गोष्ट कर्जाची. "आत्ता फिरा, हप्त्याने फेडा" अशा योजना मोबाईलवर रोज येतात. त्यात व्याज असते, आणि फिरण्यासाठी व्याजाच्या दारात जाण्याची गरज नाही. आमच्या घरातल्या बायकांनी दोन वर्षे भिशी लावली. पुरुषांनी दर महिन्याला वेगळ्या खात्यात रक्कम टाकली. एकूण जितके जमले तितक्याचीच सहल आखली. पंधरा दिवसांचा बेत आठ दिवसांवर आला आणि कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही.

टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतले तर रकमेवर टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा केलेला कर, द्यावा लागतो. पावती आणि पॅन क्रमांक नीट असतील तर तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करता येतो किंवा परत मागता येतो. ज्याच्या नावाने पैसे भरायचे त्याचे पॅन आधीच तयार ठेवावे.

समरकंदच का?

विमानाचा प्रवास लांबचा नाही. घड्याळ फक्त अर्धा तास मागे करावे लागते. भारतीयांना ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एका प्रवेशाच्या, ३० दिवसांच्या व्हिसाची सरकारी फी २० डॉलर आहे. पण आमच्या दृष्टीने खरे कारण वेगळे होते. त्या मुलखाचे धागे आपल्या भागापर्यंत आलेले आहेत.

शेजारच्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आपण शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. तिथे ज्यांची मजार आहे ते नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे. नक्शबंदी सिलसिला ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या हजरत बहाउद्दीन नक्शबंद यांची मजार बुखारा शहराच्या जवळच आहे. बाबर १४८३ मध्ये फरगाना खोऱ्यातल्या अंदिजानला जन्मला. त्याचा वंशज औरंगजेब १७०७ मध्ये आपल्या भिंगारला वारला. हदीसचे थोर संकलक इमाम बुखारी (रह.) ८१० साली बुखाऱ्यात जन्मले आणि ८७० साली समरकंदजवळच्या खरतंग गावी त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या संग्रहाचे नाव घरोघरी माहीत असते, गाव मात्र नकाशावर कोणी दाखवत नाही.

हे मुलांना निघण्याआधी सांगितले. नाहीतर मुलांसाठी रेगिस्तानचा चौक म्हणजे तीन निळ्या इमारती आणि एक फोटो एवढेच उरते. त्या तीन इमारती म्हणजे तीन मदरसे आहेत. पहिला उलुगबेगचा, १४१७ ते १४२० या काळात बांधलेला. उलुगबेग स्वतः तारे मोजणारा बादशाह होता आणि त्याच्या वेधशाळेचे अवशेष समरकंदमध्येच आहेत. उरलेले दोन मदरसे, शेरदार आणि तिल्लाकारी, सतराव्या शतकातले.

शिवाय परदेशी घुमट पाहण्याआधी घरचे पाहावेत, म्हणून दोन रविवार नगरसाठी राखले. १४९० साली अहमद निजामशाहने वसवलेल्या या शहरात त्याची कबर बाग रौज्यात आहे. दमडी मशिदीचे कोरीव काम आहे, फराहबाग आहे. सगळे जण "चांदबीबी महाल" म्हणतात ती डोंगरावरची इमारत खरे तर निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे, हे आमच्या मुलांना तेव्हाच कळले.

कागद : सगळ्यात जड सामान

बॅग एका संध्याकाळी भरता येते, कागदांना मात्र महिने लागतात. आम्ही सहा महिने आधी सुरुवात केली आणि त्यातला एकही महिना जास्तीचा ठरला नाही.

पासपोर्टसाठी आता पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. नगरला टपाल खात्याच्या कचेरीतच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज आणि वेळ ऑनलाइन घ्यायची, मूळ कागद घेऊन जायचे, मग पोलीस पडताळणी होते. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. आपल्या हाताने अर्ज भरता येतो. एजंटने जास्त रक्कम सांगितली तर आधी हा आकडा आठवावा. पासपोर्ट आधीपासून असेल तर प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक आहे ना, ते पाहावे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच लागते.

आपल्या घरांतली खरी अडचण नावांची असते. अम्मींचेच पाहा. एका कागदावर नावामागे "बी", दुसऱ्यावर "बेगम", बँकेच्या पुस्तकात नुसते नाव. शेख हे एकच आडनाव, पण इंग्रजीत प्रत्येक कचेरीने आपापल्या मनाचे स्पेलिंग केलेले. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. कुठे मधले नाव वडिलांचे, कुठे नवऱ्याचे. पुरुषांची नावे शाळेच्या दाखल्यामुळे बरीचशी एकसारखी असतात. ज्या बायकांची शाळा लवकर सुटली त्यांची नावे मात्र दर वेळी दुसऱ्याच कोणीतरी लिहून घेतलेली असतात. "राहू दे, तुम्ही जाऊन या," असे म्हणून अशी बाई मागे राहते, आणि तिला यायचेच नव्हते असे घरात समजले जाते.

म्हणून पहिले काम हे करावे : घरातल्या प्रत्येकाचे आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला आणि बँक पुस्तक एका ओळीत मांडावे, आणि नावाचे अक्षर न् अक्षर जुळवावे. मग एक नाव, एक स्पेलिंग ठरवावे आणि बाकी कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा ते घाईत बदलू नये. मोठा बदल असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे, असे नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवणे मात्र टाळावे. एकेरी नावाच्या पासपोर्टला काही देशांच्या व्हिसासाठी अडचण येते.

आपल्या जिल्ह्याचा आणखी एक प्रश्न लोक विचारतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर असे अधिकृत नामांतर झाले. जुन्या पासपोर्टवर जन्मगाव म्हणून जुने नाव असेल तर घाबरायचे कारण नाही, तो मुदतीपर्यंत चालतो.

व्हिसा आणि तिकीट पासपोर्टवरच्या नावाप्रमाणेच काढायचे. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स प्रती आम्ही केल्या. एक संच बॅगेत, एक घरी नातेवाइकांकडे, आणि फोटो मोबाईलमध्ये. उझबेकिस्तानात हॉटेल परदेशी पाहुण्यांची नोंदणी करते. तिची चिठ्ठी प्रत्येक मुक्कामाला मागून घ्यावी आणि देश सोडेपर्यंत जपावी.

अम्मींच्या पायांनी आखलेला बेत

कार्यक्रम ठरवताना घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचा वेग धरावा. अम्मींना मधुमेह आहे, गुडघे दुखतात. म्हणून नगरहून मुंबईला रात्रीत जाऊन लगेच विमानात बसण्याचा विचार सोडला. माळशेज घाटाने म्हणा की पुण्यावरून, हा रस्ता सहा-सात तासांचा होतोच. आम्ही आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम केला. तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे चाकाची खुर्ची नोंदवली. तिचे वेगळे पैसे पडले नाहीत आणि विमानतळावरच्या लांबच लांब रांगा टळल्या.

ताश्कंद ते समरकंद ही वाट अफ्रासियाब नावाच्या वेगवान रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत होते. तिची तिकिटे लवकर संपतात, म्हणून ती आधी काढली. समरकंदला शाह-ए-जिंदा या कबरस्तानाला उंच पायऱ्या आहेत. त्या दिवशी अम्मी खालीच झाडाखाली बसतील आणि दोघे जण त्यांच्याबरोबर थांबतील, हे नगरमध्येच ठरले होते. कोण थांबणार तेही आळीपाळीने ठरवले, नाहीतर ती पाळी प्रत्येक वेळी सुनेवरच येते.

नवे बूट घालून परदेशी जाऊ नये. आम्ही सगळ्यांनी प्रवासाचे बूट महिनाभर आधी वापरायला काढले. पाथर्डी रस्त्यावर चांदबीबी महालाच्या चढाला तेच घातले आणि कोणाचा बूट चावतो ते तिथेच कळले.

बॅगेत काय, आणि काय नाही

तिकिटावर किती किलो सामान चालते ते आधी वाचावे. ते कंपनीगणिक आणि तिकिटागणिक वेगळे असते. घरी लटकवायच्या काट्यावर बॅग तोलावी. आमचा नियम साधा होता : ज्याची बॅग त्याने ओढायची, अम्मी आणि मुले सोडून. हा नियम सांगितल्याबरोबर पुरुषांच्या बॅगेतले दोन जास्तीचे जोड आणि आमच्या बॅगेतले लग्नाचे कपडे आपोआप कपाटात परत गेले.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले चांगले महिने. उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो, हिवाळ्यात शून्याखाली उतरतो. ऑक्टोबरसाठी आम्ही प्रत्येकी चार जोड, एक स्वेटर, एक वाऱ्याचे जाकीट आणि पायमोजे नेले. जाड एका कपड्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे बरे पडतात. मजारी आणि मशिदींसाठी मोठ्या ओढण्या घेतल्या. सोन्याचे दागिने घरीच ठेवले.

तिथली विजेची खाच दोन गोल पायांची आहे. आपले दोन पायांचे मोबाईल चार्जर बहुधा बसतात, तीन पायांची पिन बसत नाही, म्हणून एक अडॅप्टर घ्यावा. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवावी लागते. हातातल्या बॅगेत तेल, अत्तर, शाम्पू अशी द्रवे १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाहीत. डॉलरच्या नोटा कोऱ्या आणि न दुमडलेल्या न्याव्यात, आणि तिथे बँकेत किंवा अधिकृत ठिकाणी सोम घ्यावेत. आपले यूपीआय चालेल असे गृहीत धरू नये.

स्वयंपाकघर घरीच राहू द्या

ताश्कंदला कुकर आणि डाळ-तांदूळ घेऊन जाणारी कुटुंबे असतात. पैसे वाचतात हे खरे. पण मग दिवसभर चालून आल्यावर कांदा कोण चिरते? आमच्या घरात यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी कुकर घरीच राहिला.

देश मुस्लिमबहुल आहे, गोश्ताचे जेवण सहज मिळते. तरी हॉटेलांत दारूही सर्रास दिली जाते आणि काही दुकानांत डुकराचे मांसही असते, म्हणून विचारून घ्यावे. तिथला पुलाव, ज्याला ते ओश किंवा प्लोव म्हणतात, तुपा-तेलात आणि मेंढीच्या चरबीत शिजतो. चवीला उत्तम, पण साखरेच्या आजाराच्या माणसाने जपून खावा. तंदुरीतली नान, फळे आणि दही-ताकाचे पदार्थ मुलांना आवडले. चहा बिनदुधाचा, हिरवा. दुधाचा चहा लागत असेल तर चहापूड आणि दुधाची भुकटी न्यावी. बाकी खाकरे, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खजूर एवढे पुरले.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष हवे. आपल्याकडून जाणाऱ्या विमानात चेक-इन सामानात सुके खोबरे चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते. आणि विमान दुबई, शारजा किंवा सौदीमार्गे जाणार असेल तर खसखस किंवा खसखस घातलेला मसाला चुकूनही बरोबर नेऊ नये. आपल्याकडे कोर्म्यात जाणारी खसखस त्या देशांत अमली पदार्थांत मोडते आणि कायदा फार कडक आहे. उमऱ्याला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी

नेहमीची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्यावीत, मूळ वेष्टनात आणि हातातल्या बॅगेत. डॉक्टरांकडून इंग्रजीत टंकलेली चिठ्ठी घ्यावी, तिच्यात औषधाचे मूळ घटक लिहिलेले असावेत. इन्सुलिन पोटातल्या सामानात टाकू नये, थंडीने ते गोठून खराब होऊ शकते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांबाबत उझबेकिस्तानचे नियम कडक आहेत. अशी औषधे शक्यतो टाळावीत. टाळता येत नसतील तर तिकडचे नियम आधी पाहावेत. प्रवास विमा सातही जणांचा काढला, आणि त्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का ते वाचून घेतले.

सफरीतली नमाज

नमाजची तयारी आम्ही वेगळ्या छोट्या पिशवीत केली : पातळ जानमाज, तस्बीह, वुजू आणि तहारतसाठी घडी होणारी रिकामी बाटली, आणि चामडी मोजे. वुजू करून घातलेल्या चामडी मोजांवर मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री मसह करता येतो. थंडीत रेल्वे स्टेशनवर अम्मींना पाय धुवावे लागले नाहीत, हा केवढा आराम.

सफरीत जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तशीच राहते. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याची नियत असेल तर कस्र करावी. दोन नमाज एकत्र करण्याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. आपापल्या इमामसाहेबांना निघण्याआधी विचारून घ्यावे. किबल्याची दिशाही बदलते. नगरला आपण पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे तोंड करतो. समरकंदला किबला नैर्ऋत्येला येतो.

कामांची वाटणी

शेवटी आमची यादी सांगतो, कारण ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना तीच सगळ्यात उपयोगी वाटली. कागद आणि तिकिटे एका जावयाकडे. पैसे आणि रोजचा हिशेब भिशी चालवणाऱ्या बहिणीकडे. औषधांचा डबा आणि वेळा मोठ्या मुलाकडे. खाऊची पिशवी दुसऱ्या भावाकडे. जागांची माहिती वाचून रोज सकाळी सगळ्यांना पाच मिनिटांत सांगणे धाकट्या मुलीकडे. अम्मींकडे एकच काम : घरातून निघताना आणि प्रत्येक वाहनात बसताना सफरची दुआ मोठ्याने पढणे. घराची किल्ली, कुंड्यांना पाणी आणि दुधाचा रतीब शेजाऱ्यांना सांगितला. नातेवाइकांच्या तोहफ्यांसाठी एक रक्कम ठरवली आणि सुक्या मेव्यापलीकडे गेलो नाही.

पुढच्या वर्षी तुमच्या घरात असा बेत निघाला तर आज एवढेच करा : घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईचे आधार कार्ड काढा आणि तिचे नाव बाकीच्या कागदांशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर सोमवारी कचेरी उघडल्यावर पहिले काम ते करा. इन्शाअल्लाह, निघताना घरात कोणी मागे राहणार नाही.